रिकाम्या मुठी

ट्रेजनच्या स्तंभावरचे शिपाई रिकाम्या हातांनी लढतात. हात उगारलेला आहे, दंड ताणलेला आहे, मूठ आवळलेली आहे. पण मुठीत काही नाही. काही मुठींना भोक आहे. तिथे कधीकाळी धातूचा इवलासा भाला खोवलेला असावा. काही ठिकाणी शस्त्र नुसतं रंगाने काढलेलं असावं. धातू गेला, रंग गेला, हात उरले. इ.स. 113 सालच्या 12 मे रोजी रोममध्ये या स्तंभाचं लोकार्पण झालं तेव्हा तो युद्धाचा खांब होता. आज तो हातांचा खांब झाला आहे, आणि तो तसाच वाचावा असं मला वाटतं.

मापं आधी उरकून घेऊ. खांब 100 रोमन फूट उंच, म्हणजे सुमारे 30 मीटर. चौथऱ्यासकट 35 मीटरच्या आसपास. कारारा इथल्या संगमरवराच्या अजस्र चकत्या एकावर एक रचून तो उभा केला आहे, आणि एकेक चकती सुमारे 32 टनांची आहे. आत 185 पायऱ्यांचा गोल जिना आहे, तोही या चकत्या पोखरूनच काढलेला. बाहेरच्या अंगाने पायथ्यापासून माथ्यापर्यंत 23 वेढे घेत एक शिल्पपट्टी चढत जाते. उलगडून जमिनीवर अंथरली तर ती सुमारे 200 मीटर भरेल. तिच्यावर अडीच हजारांहून जास्त माणसं आहेत. कॉनराड सिकोरियस या जर्मन अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिचे 155 प्रसंग पाडले, आणि अजूनही सगळे त्याच क्रमांकांनी बोलतात. गोष्ट मात्र एकच आहे. आजच्या रोमानियाच्या जागी असलेलं डेशियाचं राज्य, तिथला राजा डेसेबॅलस, आणि त्याच्याशी रोमन सम्राट ट्रेजनने केलेली दोन युद्धं: पहिलं 101 ते 102, दुसरं 105 ते 106.

अडचण अशी की ही गोष्ट खालून वाचता येत नाही. चार-पाच वेढ्यांनंतर माणसं मुंग्यांसारखी दिसू लागतात, आणि गोष्ट पुढे नेण्यासाठी खांबाभोवती 23 प्रदक्षिणा घालाव्या लागतात. खांबाच्या दोन्ही अंगांना एक ग्रीक आणि एक लॅटिन अशी दोन ग्रंथालयं होती. त्यांच्या वरच्या मजल्यांवरून मधले काही वेढे दिसत असतील. पण माथ्याजवळचं तिथूनही दिसलं नसतं. पॉल व्हेन या फ्रेंच इतिहासकाराने यावरून असा मुद्दा मांडला की सत्तेची कला प्रत्येक वेळी कुणी वाचावी म्हणून नसतेच, ती नुसती असावी लागते. हे मला अर्धंच पटतं. मंदिराच्या शिखरावर, जिथे कावळ्याखेरीज कुणी जात नाही, तिथेही आपल्याकडचे पाथरवट मूर्तीच्या पायातले तोडे-वाळे चुकवत नाहीत. त्यामागे राजाची आज्ञा असेल, पण छिन्नी धरणाऱ्याचा स्वतःचाही एक हट्ट असतो. ट्रेजनच्या खांबावर विसाव्या वेढ्यातल्या माणसाच्या कपाळावरही आठ्या आहेत. त्या कुणासाठी?

पुढच्या काळात ज्यांना हा खांब खरोखर बघायचा होता त्यांना खटपट करावी लागली. सोळाव्या शतकाच्या तोंडाशी याकोपो रिपांडा नावाचा चित्रकार टोपलीत बसून, दोरांनी लोंबकळत, ही चित्रं उतरवत फिरला. 1860च्या दशकात तिसऱ्या नेपोलियनने सगळ्या पट्टीचे साचे काढवले. त्या साच्यांवरून घडवलेली एक पूर्ण प्रतिकृती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात 1873 पासून आहे. छत पुरेना म्हणून तिथे खांब दोन तुकड्यांत, शेजारी शेजारी उभा आहे. गंमत म्हणजे धुराने आणि पावसाने खाल्लेल्या मूळ संगमरवरापेक्षा काही बारकावे आता त्या प्लास्टरवरच जास्त स्पष्ट आहेत.

वीरगळ बघत आलेल्या मराठी माणसाला एक सोय आहे: दगडावरची गोष्ट खालून वर वाचायची असते हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. तळाशी झुंज, त्यावर वीराला उचलून नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. ट्रेजनचा खांबही खालूनच सुरू होतो. पण वीरगळ सुरू होतो तो आपल्या माणसाच्या मरणापासून. या खांबावर अडीच हजार माणसं आहेत, आणि मेलेला रोमन शिपाई त्यांत एकही नाही. ही गोष्ट मनात ठेवून वर चढायला लागू.

पहिल्याच वेढ्यात युद्ध नाही. डॅन्यूब नदीचा काठ आहे, लाकडी टेहळणी बुरूज आहेत, त्यांतून बाहेर काढलेल्या मशाली आहेत. शेजारी रचलेल्या ओंडक्यांचे ढीग आणि गवताच्या गंजी. मग होड्या, आणि होड्यांत पिंपं. शिल्पकाराने एवढ्या मोठ्या विजयगाथेची सुरुवात सरपण, चारा आणि शिध्याने केली आहे. फौज पोटावर चालते हे ज्याला माहीत आहे त्यालाच हे सुचतं. त्यानंतर होड्यांच्या पुलावरून सैन्य नदी ओलांडतं. या रांगेतला एकेक शिपाई बघावा. शिरस्त्राण डोक्यावर नाही, खांद्याशी अडकवलेलं आहे. डाव्या खांद्यावर काठी, आणि काठीच्या टोकाला त्याचा सगळा संसार: पिशवी, जाळीची झोळी, पातेलं, तवीसारखं एक भांडं. ओझी वाहणाऱ्या या शिपायांना रोममध्ये थट्टेने, मेरियस या जुन्या सेनापतीच्या नावावरून, मेरियसची खेचरं म्हणत. थट्टा जुनी होती, तरी खांबावरच्या चालीत ती अजून जिवंत आहे.

आणि पुलाखाली, पाण्यातून कमरेपर्यंत वर आलेला, दाढीतून पाणी निथळणारा एक अवाढव्य म्हातारा हे सगळं बघतो आहे. हा डॅन्यूब, नदीचा देव. आपल्या नद्या बाया, त्यांची नदी बाप्या. आपल्या पाठीवरून परकं सैन्य चाललं आहे आणि तो नुसता बघतो. त्याची सैन्याला संमती आहे की तो अचंब्यात पडला आहे, हे शिल्पकाराने मोकळं सोडलं आहे. रोमन राज्यकर्त्यांनी त्यात संमती वाचली असणार.

थोडं पुढे एक विनोदी माणूस भेटतो. जाडजूड, हातात सोटा, खेचरावरून ट्रेजनच्या समोरच धाडकन पडतो आहे. दोन्ही हात हवेत. कॅसियस डिओ या इतिहासकाराने एक किस्सा लिहून ठेवला आहे: बुरी नावाच्या टोळीने ट्रेजनकडे एक मोठं अळंबं पाठवलं आणि त्यावर लॅटिन अक्षरांत निरोप होता की परत जा, तह करा. हा पडणारा माणूस म्हणजे तोच निरोप्या, असं काहीजण म्हणतात. काहीजण म्हणतात की शत्रूचं असं पालथं पडणं हा शुभशकुन आहे. मला त्याचं असणंच पुरेसं वाटतं. एवढ्या गंभीर खांबावर एकाला तरी पडू दिलं.

मग खोदकाम सुरू होतं, आणि ते खरं म्हणजे संपतच नाही. सगळ्या पट्टीचा पाव भागसुद्धा लढायांचा नाही. बाकी जागा चालण्यात, यज्ञात, भाषणात आणि मुख्य म्हणजे बांधकामात जाते. शिपाई झाडं तोडतात, ओंडके तासतात, खंदक खणतात. गवतासकट कापलेले मातीचे चौकोनी तुकडे पाठीवर घेऊन जातात. खंदकातला शिपाई मातीची टोपली वर देतो, काठावरचा वाकून ती घेतो. या दोघांच्या हातांमधलं अंतर ज्याने कोरलं त्याने टोपली उचलणारी माणसं जवळून बघितली आहेत. देणाऱ्याचे हात सरळ ताणलेले, घेणाऱ्याचे कोपरात मुडपलेले. वजन कुठून कुठे जातं आहे ते दिसतं. मुंबईत एखाद्या इमारतीच्या पायात घमेल्यांची साखळी चाललेली बघितली असेल तर हे दृश्य ओळखीचं वाटेल.

मापांचा हिशेब मात्र इथे कुणी करू नये. तट शिपायाच्या कमरेएवढा, होडी पाळण्याएवढी, अख्खा किल्ला ताटाएवढा. माणसं समोरून दिसतात आणि त्याच क्षणी किल्ला वरून. डोळ्याला खोटं आणि मनाला खरं, अशी ही मांडणी आहे. शिल्पकाराला वास्तूंपेक्षा माणसं मोठी हवी होती, म्हणून ती मोठी आहेत.

हे खोदकाम इतकं का? याचं उत्तर खांबाच्या चौथऱ्यावर, दाराच्या वर, सहा ओळींत कोरलेलं आहे. ही अक्षरं फार सुरेख आहेत. त्यांच्यावरून 1989 साली एक टंक तयार झाला, ट्रेजन याच नावाचा, आणि हॉलिवूडच्या भव्य चित्रपटांच्या पोस्टरवर आपण तो इतक्यांदा वाचला आहे की त्या अक्षरांनाच आता तुतारीचा आवाज येतो. पण त्या सहा ओळींत काय आहे? डेशियाचं युद्ध नाही, डेसेबॅलस नाही. सेनेट आणि रोमची जनता हा स्तंभ सम्राटाला अर्पण करते आहे, कशासाठी, तर इथून केवढ्या उंचीची टेकडी खणून काढली ते लोकांना कळावं म्हणून. ट्रेजनच्या भव्य चौकासाठी जागा करायला टेकडीचा उतार कापला होता, आणि खांबाची उंची म्हणजे त्या कापाची उंची. म्हणजे लेख सांगतो माती उपसल्याची बढाई, आणि वर शिपाई टोपल्यांनी माती उपसत आहेत. मला हा योगायोग वाटत नाही. या सत्तेला स्वतःचं जे रूप सगळ्यात आवडत होतं ते हे: आम्ही पृथ्वी हलवतो. टेकडी रोममधली असो की डेशियातली.

यातही एक बारीक मेख आहे. खणणारे, बांधणारे बहुतेक सगळे पट्ट्यापट्ट्यांचं चिलखत घातलेले, म्हणजे लीजनमधले, रोमचे नागरिक असलेले शिपाई. पुढे होऊन मारणारे मात्र अनेकदा साहाय्यक पलटणींतले. हे प्रांतांतून भरती केलेले लोक, ज्यांना पंचवीस वर्षांच्या चाकरीनंतर नागरिकत्व मिळायचं. टापाईच्या लढाईत आकाशातून प्रत्यक्ष ज्युपिटर वीज फेकतो आहे, आणि खाली एक साहाय्यक शिपाई लढता लढता शत्रूचं कापलेलं मुंडकं केसांनी दातांत धरून उभा आहे, कारण त्याचे दोन्ही हात गुंतलेले आहेत. त्याच प्रसंगात दोघेजण अशीच मुंडकी हातांत धरून ट्रेजनपुढे करतात. तेही साहाय्यकच. नागरिकाच्या हातात टोपली, परक्याच्या हातात मुंडकं. ही वाटणी रोमच्या चौकात हिंडणाऱ्या नागरिकाला किती सुखाची वाटली असेल! युद्धाची फळं आपली, रक्त त्यांच्या दातांना.

आता ट्रेजन. तो खांबावर 58 वेळा येतो. पहिल्यांदा शोधताना मी त्याला दोनदा चुकलो, कारण तो इतरांपेक्षा फारसा मोठा नाही. इजिप्तच्या राजासारखा तो शिपायांच्या दुप्पट उंच नाही. डोक्यावर मुकुट नाही, अंगावर प्रवासाचं साधं वस्त्र. त्याला ओळखायची खूण दुसरीच आहे. आसपासची माणसं कुठे बघतात ते पाहायचं. त्यांच्या नजरा जिथे मिळतात तिथे ट्रेजन. सत्ता मापाने न दाखवता नजरांनी दाखवायची, ही या शिल्पकाराची खरी कमाई आहे. त्याचं नाव आपल्याला कळलेलं नाही, अभ्यासक त्याला नुसतं ट्रेजनच्या पराक्रमांचा उस्ताद म्हणतात.

आणि हे 58 ट्रेजन काय करतात? एकही लढत नाही. तो चौथऱ्यावर उभा राहून सैन्याशी बोलतो, उजवा हात पुढे. डोक्यावरून वस्त्र घेऊन अग्नीत अर्घ्य देतो, आणि मागे डुक्कर, मेंढा आणि बैल यांची बळीची मिरवणूक छावणीभोवती फिरते. तो वकिलांना भेटतो, कैदी बघतो, तट पाहतो, सहकाऱ्यांशी काही ठरवतो. त्याची हालचाल बेताची, चेहरा शांत. आजच्या भाषेत सांगायचं तर कामावर जातीने लक्ष ठेवणारा साहेब. तो जन्माने स्पेनमधल्या इतालिका गावचा, प्रांतातून आलेला पहिला सम्राट. वाडवडिलांच्या पुण्याईपेक्षा कामसूपणा दाखवणं त्याला जास्त सोयीचं होतं. त्याने स्वतः या युद्धाचा वृत्तांत लिहिला होता. तो हरवला. एका व्याकरणकाराने उदाहरणादाखल घेतलेलं इवलंसं वाक्य तेवढं उरलं: दोन गावांची नावं आणि कूच केल्याचं क्रियापद. ते क्रियापद प्रथमपुरुषी आहे, पण अनेकवचनी. खांबावरचा ट्रेजन याच व्याकरणात वागतो.

एका जागी मात्र त्याच्या हाताचा अर्थ लागत नाही. पहिल्याच युद्धात, नदीच्या काठावर, एक डेशियन स्त्री कडेवर तान्हं मूल घेऊन उभी आहे. तिला होडीत बसवून दूर पाठवायचं आहे. कुणी म्हणतं ही डेसेबॅलसची बहीण, जिला रोमनांनी पकडल्याचं डिओ सांगतो. ट्रेजन तिच्याकडे वळून हात पुढे करतो. हा हात धीर देतो आहे की वाट दाखवतो आहे? तिच्या मागे बायका-मुलांचा घोळका, आणि जवळच मारून टाकलेली गुरं. याच्या थोडं आधी शिपायांनी डेशियन घरांना आग लावली आहे. शिल्पकाराने सम्राटाची दया कोरली, पण दयेच्या शेजारची मेलेली जनावरंही काढून टाकली नाहीत. ज्यांनी हे काम दिलं त्यांना त्यात खटकण्यासारखं काही दिसलं नसेल. आपल्याला दिसतं.

असाच एक हात मलमपट्टीचा. एका दगडावर साहाय्यक शिपाई बसला आहे, आणि त्याच्यासारखाच पोशाख घातलेला दुसरा त्याच्या मांडीला पट्टी गुंडाळतो आहे. जखमीची मान वळलेली, ओठ घट्ट. सगळ्या खांबावर रोमन बाजूची वेदना दिसते ती जवळपास एवढीच. डिओ म्हणतो की एका लढाईत पट्ट्या संपल्या तेव्हा ट्रेजनने स्वतःचे कपडे फाडून दिले. राजभाटाने ही संधी सोडली नसती. शिल्पकाराने सोडली. त्याने पट्टी बांधणाऱ्या अनाम हातांनाच जागा दिली. याउलट जरा पुढे हातांत पेटत्या मशाली घेतलेल्या बायका नागड्या, बांधलेल्या पुरुषांना डागत आहेत. बहुतेकजण त्यांना रोमन कैद्यांचे हाल करणाऱ्या डेशियन बायका मानतात. घरं जळालेल्या बायकांच्या हातांत शिल्पकाराने आगच द्यावी, याला काय म्हणावं?

रोममध्ये बसून कोरल्याच्या खुणा जागोजाग आहेत. डेशियनांच्या बाजूने लढणाऱ्या सार्मेशियन घोडेस्वारांचं खवल्यांचं चिलखत शिल्पकाराने माणसांसकट घोड्यांनाही खुरांपर्यंत असं तंग चढवलं आहे की तो घोडा एक पाऊल टाकू शकणार नाही. डेशियन लोकांचं आकड्यासारखं वाकडं, लांब दांड्याचं पातं रोमनांना इतकं भारी पडलं की प्रत्यक्ष रणांगणावर शिपायांनी उजव्या हातावर धातूचे पट्टे चढवले. हे दिसतं ते आदामक्लिसीच्या स्मारकावर. 109 साली, युद्धभूमीच्याच मुलखात, ओबडधोबड हातांनी घडवलेलं ते स्मारक आहे. तिथली माणसं बाहुल्यांसारखी आहेत, पण त्यांची हत्यारं बरोबर आहेत. रोममधला उस्ताद माणसं बरोबर काढतो आणि हत्यारात चुकतो.

खांबाच्या मध्यावर पहिलं युद्ध संपतं. डेशियन लोक गुडघे टेकून, हात पसरून शरण येतात, आणि त्या वाकलेल्या गर्दीत डेसेबॅलस उभा आहे. मग पंख असलेली विजयदेवता येते, एका ढालीवर काही लिहीत असलेली, आणि तिच्यानंतर दुसरं युद्ध सुरू होतं. मला हा सगळ्या पट्टीतला सपाट तुकडा वाटतो. ही देवता जुन्या ग्रीक मूर्तींवरून उचललेली, सुंदर आणि थंड आहे. दुसऱ्या युद्धातल्या प्रवासाच्या दृश्यांवरूनही डोळा घसरतो. थांबायचं ते पुलापाशी. दमास्कसच्या अपोलोडोरसने डॅन्यूबवर बांधलेला हा पूल किलोमीटरहून लांब होता. डिओ 20 खांब मोजतो. वर लाकडी कमानी. ट्रेजन त्याच्या पुढ्यात यज्ञ करतो आहे, पण शिल्पकाराने पुलाचं प्रत्येक लाकूड आणि प्रत्येक कैची इतकी जीव लावून कोरली आहे की यजमान मागेच राहतो. ट्रेजनचा चौकही याच अपोलोडोरसचा. आपल्या पुलाचं काम नीट कोरलं जातं आहे की नाही हे बघायला तो पाथरवटांच्या मागे येऊन उभा राहिला असेल, असा माझा आपला तर्क.

वरच्या वेढ्यांत हात बदलतात. वेढा पडलेल्या गडात डेशियन लोक एका मोठ्या कढईभोवती जमले आहेत. एकजण प्याले भरून देतो, बाकीच्यांचे हात त्या प्याल्यांकडे झेपावलेले. काहीजण आधीच कोसळले आहेत, कुणीतरी कोसळत्या तरुणाला सावरतो आहे. काही अभ्यासक म्हणतात की हे विष आहे, गुलामीपेक्षा मरण बरं म्हणून घेतलेलं. काही म्हणतात की हे उरलेलं शेवटचं पाणी, मोजून वाटलेलं. दोन्ही अर्थांत हात तेच राहतात, आणि त्या हातांची घाईही तीच. मी हे चित्र पाण्याचं म्हणून बघतो तेव्हा ते मला जास्त भयंकर वाटतं.

त्यानंतर लूट. डेसेबॅलसने सार्गेतिया नदीचा प्रवाह वळवून तिच्या तळाशी खजिना पुरला होता आणि बिकिलिस नावाच्या त्याच्या साथीदाराने पकडला गेल्यावर जागा दाखवली, ही डिओची हकिगत. खांबावर दिसतात ती चांदीच्या भांड्यांनी लादलेली जनावरं आणि ओझी नीट बसवणारे शिपाई. ट्रेजनचा चौक याच लुटीच्या पैशातून उभा राहिला. म्हणजे इथे खांब स्वतःच्या अंगावर स्वतःच्याच खर्चाची नोंद दाखवतो. रोममध्ये विजयाचे खेळ 123 दिवस चालले, सुमारे 11,000 जनावरं मारली गेली आणि 10,000 ग्लॅडिएटर झुंजले, असं डिओ म्हणतो. त्याच सुमाराला ट्रेजनच्या भेटीला आलेल्या दूतांत भारतातलेही होते, हेही तोच सांगतो. कोणत्या राजाचे, कोणत्या बंदरातून निघालेले, ते त्याने लिहिलं नाही. भडोच, सोपारा, कल्याण या बंदरांची रोमन व्यापाऱ्यांना चांगली ओळख होती. तेव्हा ते दूत आपल्या किनाऱ्यावरून निघाले असते तर नवल नव्हतं. पण ते आले तेव्हा खांब उभा व्हायचा होता, टेकडीच कापली जात असेल.

आणि आता डेसेबॅलस. रोमन घोडेस्वार त्याचा पाठलाग करतात. एका झाडाखाली तो गुडघ्यावर आला आहे, आणि वाकडी कट्यार त्याने स्वतःच्या गळ्याला लावली आहे. सगळ्यात पुढचा स्वार घोड्यावरून खाली झुकून त्याच्याकडे हात लांबवतो. मारायला नव्हे, त्याला जिवंत धरायला. सम्राटापुढे साखळदंडात उभा करायला राजा जिवंत हवा आहे. दोन हातांमधली ही शर्यत आहे: गळ्याजवळचा हात आणि झेपावलेला हात. शिल्पकाराने ती निकालाच्या आधीच्या क्षणावर थांबवली. निकाल सगळ्यांना ठाऊक होता. साऱ्या पट्टीत ट्रेजनचा एकही प्रसंग इतका ताणलेला नाही. जो खांब ट्रेजनच्या कीर्तीसाठी आहे, त्यावरची सगळ्यात उत्कट जागा त्याच्या शत्रूला मिळाली आहे. काही अभ्यासकांनी दाखवलं आहे की खाली तो नदीचा देव, मध्यावर विजयदेवता आणि वर डेसेबॅलसचं मरण हे एकाच उभ्या रेषेत येतं. म्हणजे 23 प्रदक्षिणा घालायला वेळ नसलेल्याने एका जागी उभं राहून मान वर केली तरी त्याला गोष्टीचा गाभा मिळावा.

तो हात लांबवणारा स्वार कोण? खांबावर त्याला नाव नाही. पण 1965 साली ग्रीसमध्ये, फिलिपीच्या परिसरात, एक समाधीशिला सापडली. तिबेरियस क्लॉडियस मॅक्झिमस नावाच्या निवृत्त शिपायाने ती जिवंतपणीच स्वतःसाठी करून घेतली होती. तो पन्नोनियन घोडदळात टेहळ्या होता. त्या शिलेवर त्याची सगळी चाकरी लिहिली आहे, आणि हेही की डेसेबॅलसला पकडणारा तो, आणि रानिस्तोरुम इथे त्याचं शिर ट्रेजनपुढे नेणाराही तोच. वर चित्रही आहे: दौडता घोडा, आणि त्याच्या पुढ्यात मागे कोसळणारा दाढीवाला माणूस, हातातून सुटणारी वाकडी कट्यार. काम साधंच आहे, गावातल्या एखाद्या पाथरवटाचं. पण त्याच्या दृष्टीने युद्ध म्हणजे हा एक क्षण होता, आणि तो रोमच्या खांबावर आपल्या नावाशिवाय कोरला गेला आहे हे त्याला कधी कळलं की नाही कोण जाणे. आपल्याकडचा वीरगळ बहुधा निनावी असतो आणि गावाला वीराचं नाव ठाऊक असतं. मॅक्झिमसने धोका पत्करला नाही, नाव लिहूनच ठेवलं.

खांबावर पुढच्याच वळणाला ते शिर एका तबकात ठेवून सैन्याला दाखवलं जातं. खरं म्हणजे गोष्ट इथे संपायला हवी होती. माथ्यावर ट्रेजनचा पुतळा होता. 117 साली तो मेल्यावर त्याच्या अस्थी सोन्याच्या कलशात चौथऱ्याच्या आत ठेवल्या. कलश गेला, पुतळाही गेला, आणि 1587 पासून तिथे पोपने बसवलेले संत पीटर उभे आहेत. चौथऱ्याच्या भिंतींवर डेशियन चिलखतं, ढाली, अजगरी निशाणं यांची रास कोरलेली आहे, आत माणूस नसलेली. एवढ्या सगळ्यात वरचा शेवट ट्रेजनच्या जयघोषाचा असेल असं कुणालाही वाटेल.

तो तसा नाही. माथ्याशी पट्टी निमुळती होत जाते, आणि त्या अरुंद होत गेलेल्या जागेत डेशियन माणसं चालली आहेत. हातांत भाले नाहीत, तिथे खोवण्यासाठी भोकंही नाहीत. पाठीवर गाठोडी आहेत, बोटाला धरलेली मुलं आहेत. एकजण मागे वळून बघतो. त्यांच्या पुढे गुरं, शेळ्या, मेंढ्या. जागा इतकी कमी होते की माणसं मावत नाहीत, मग जनावरंच उरतात, आणि मग नुसता संगमरवर.